हीटरची कैफियत

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी ह्या तालुक्याच्या गावी, जेथे होळीचा विस्तव विझण्यापूर्वीच सूर्यनारायण त्याचा चार्ज आपल्याकडे घेतात आणि मृगाच्या सरी येईपर्यंत तो कोणाच्याही हवाली करीत नाहीत, जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना टेकला तरी वर्तमानपत्राखेरीज कोणालाही त्याचे नवल वाटत नाही, आणि जेथे दुपारी बारा ते चार ह्या वेळात रस्त्यावर दिसणारा मनुष्य एक तर परगावचा असतो किंवा वसुलीला आलेला असतो, अशा ठिकाणी मोटारीतील हीटर दुरुस्त करून घेण्याची इच्छा बाळगणाऱ्या गृहस्थाविषयी लोकांच्या मनात कोणत्या भावना उत्पन्न होत असतील, याची कल्पना वाचकांनी स्वतःच केलेली बरी.

थंडी आमच्याकडे पडतच नाही असे नव्हे. पौषातल्या पहाटे वाघाडीच्या काठावर धुके उतरते, कापूस घेऊन जिनिंगच्या फाटकाशी रात्रभर ओळीत थांबलेले शेतकरी पऱ्हाटीची शेकोटी करतात, आणि कानाला मफलर न गुंडाळता घराबाहेर पडणे हे वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने आत्मघाताचेच एक रूप ठरते. परंतु ह्या थंडीची मुदत इतकी अल्प, आणि तिच्या निवारणार्थ पऱ्हाटी, घोंगडी व आल्याचा चहा ही साधने इतकी मुबलक की, त्यासाठी मोटारीच्या पोटात स्वतंत्र यंत्र बाळगावे असा विचार येथील कोणाही शहाण्या माणसाच्या मनास शिवलेला नाही.

आमची मोटार अँबॅसडर आहे. त्यातही मार्क टू, म्हणजे १९६२ नंतरच्या आणि १९७५ पूर्वीच्या पिढीतली. ह्या घराण्याची वंशावळ सर्वश्रुतच आहे. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ काउली येथे घडणाऱ्या मॉरिस ऑक्सफर्ड नामक मोटारीच्या तिसऱ्या मालिकेचे साचे हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला आले, १९५७ च्या सुमारास त्यांतून अँबॅसडर जन्मास आली, आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखान्याचे काम थांबेपर्यंत मंत्री, जिल्हाधिकारी, डॉक्टर, वरपिते आणि टॅक्सीची गिऱ्हाइके यांना तिने सारख्याच निर्विकारपणे वाहून नेले. खुद्द विलायतेतही त्या काळी बहुतेक मोटारींना हीटर हवा असल्यास जादा पैसे मोजावे लागत. मग ज्या देशात तिच्या बोनेटवर पापड भाजून निघतील त्या देशात तो कोण मागणार? परंतु आमच्या मोटारीचे प्रथम धनी वनखात्यात अधिकारी होते. प्रशिक्षणाच्या निमित्ताने त्यांचा मुक्काम डेहराडूनला पडला, मोटार तेथेच खरेदी झाली, आणि मसुरीच्या रस्त्यावरील हिवाळ्याचा अनुभव आल्यावर त्यांनी तिला रीतसर हीटर बसवून घेतला. पुढे सागवानाच्या पाठोपाठ त्यांची बदली यवतमाळ जिल्ह्यात झाली, तेव्हा कपाट, कुत्रा आणि कुटुंब यांच्यासह हा हीटरही त्यांच्या सामानाच्या यादीत होता. पेन्शनीनंतर मोटार माझ्या ताब्यात देताना विक्रीच्या कागदावर त्यांनी ‘हीटर चालू स्थितीत’ असे स्वहस्ते लिहून दिले. आणि येथेच माझ्या आपत्तीचे मूळ आहे. उमेदवार कारकुनीपासून नायब तहसीलदारीपर्यंत माझी सारी हयात महसूल खात्यात गेलेली असल्यामुळे, कागदावर असलेली वस्तू जागेवर नसणे मला सहन होत नाही. जागेवर असलेली वस्तू कागदावर नसणे ही वेगळी बाब. तिच्यावर तर आमचे खातेच चालते.

हीटर ही वस्तू ज्यांनी पाहिलेली नाही अशा बहुसंख्य वऱ्हाडी वाचकांना ती समजावून देण्यासाठी कूलरइतका जवळचा दाखला दुसरा नाही. कूलरमध्ये पाणी असते, ताटी असते आणि पंखा असतो. हीटरमध्येही नेमक्या ह्याच तीन गोष्टी असतात. फरक एवढाच की, कूलरचे पाणी टाकीतले व ताटीच्या बाहेरून झिरपणारे, तर हीटरचे पाणी इंजिनातून उकळत आलेले आणि पितळी जाळीच्या बारीक नळ्यांच्या आतून वाहणारे. इंजिनाचा पंप पाण्याला सिलिंडरांभोवती फिरवून हेडमध्ये आणतो. तेथून मुख्य प्रवाह थर्मोस्टॅटच्या दारातून रेडिएटरकडे जातो, आणि एक लहानसा पाट हीटरच्या कॉकमधून निघून, अर्ध्या इंचाच्या रबरी नळीने मोटारीच्या आडभिंतीतून आत शिरतो, जाळीत हिंडतो, आपली उष्णता पंख्याच्या वाऱ्याला देऊन टाकतो, आणि दुसऱ्या नळीने परत पंपाच्या शोषणाच्या बाजूस जाऊन मिळतो. कूलरचे पाणी ताटीबाहेर आले तर त्याला गारवा म्हणतात. हीटरचे पाणी जाळीबाहेर आले तर तिला गळती म्हणतात, आणि ती नेमकी पुढे बसलेल्या पाहुण्याच्या पायांवर होते.

आमच्याकडे गळतीचा गुन्हा उघडकीस येण्यास बराच काळ लागला, कारण आरोपीवर कोणाचा संशयच नव्हता. हीटर आम्ही लावीत नव्हतो. परंतु त्याचा कॉक कोणे एके काळी उघड्या स्थितीत गंजून बसलेला असल्यामुळे गरम पाणी बारा महिने आत येऊन जात होते, पंखा तेवढा मुका होता. प्रथम डाव्या बाजूचे पायपुसणे ओले लागू लागले. ह्याचा आळ आत्याबाईंच्या तांब्यावर गेला, कारण प्रवासात तांब्याभर पाणी मांडीवर घेतल्याखेरीज आत्याबाई मोटारीत पाय ठेवीत नाहीत. आत्याबाईंनी तांब्या घरी ठेवून आपले निर्दोषत्व सिद्ध केले. मग एक गोडसर, कोंदट वास येऊ लागला. त्याचे कारण म्हणून सौभाग्यवतींनी आसनाखाली विसरलेल्या प्रसादाचा शोध घेतला आणि वस्तुतः तो सापडलाही, पण तो काढून टाकल्यावरही वास कायम राहिला. शेवटी सकाळच्या वेळी समोरच्या काचेवर आतल्या बाजूने एक चिकट पापुद्रा धरू लागला, जो फडक्याने पुसला असता नाहीसा होण्याऐवजी सर्वत्र समान वाटला जाई. आणि रेडिएटरमधील पाणी, मोटारीखाली एक थेंबही न सांडता, दिवसेंदिवस कमी होऊ लागले. ओले पायपुसणे, गोड वास, काचेवरचा पापुद्रा आणि रेडिएटरची तूट ही चार कलमे एकत्र आली की निदानासाठी वैद्याची गरज उरत नाही. ह्या गोडीचा मालक इथिलीन ग्लायकॉल हा द्रव असतो, जो कूलंट म्हणून पाण्यात मिसळतात. ती गोडी मोठी घातक. सांडलेला कूलंट कुत्र्या-मांजरांनी चाटला तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून तो उघड्यावर ओतू नये, हे येथे गंभीरपणे सांगून ठेवतो.

आमच्या बसस्थानकाच्या रस्त्यावरील गॅरेजचे उस्ताद हे ह्या पंचक्रोशीतील ट्रॅक्टर, जीप आणि काळीपिवळी यांचे धन्वंतरी आहेत. त्यांच्या तोंडात सदैव खर्रा असल्यामुळे रोगाचे निदान ते भुवयांनी करतात आणि उपचार सांगायची वेळ आली की मगच बाजूला जाऊन तोंड मोकळे करून येतात. ह्या खेपेस त्यांनी ते तत्काळ मोकळे केले, यावरून मामला साधा असल्याचे मी ओळखले.

“साहेब, हीटर घाटंजीत कोनाले पायजे जी?” ते म्हणाले. “बायपास मारून देतो. दोनी नळ्याइचं तोंड एकमेकाइले जोडतो, वरून दोन क्लिपा मारतो. पाच मिंटाचं काम. मंग जाळी भंगारात द्या, पितळेचे पैसे येते.”

मी म्हणालो, “आणि हीटर?”

“तेच त म्हनतो,” उस्ताद म्हणाले.

उस्तादांचा हा सल्ला केवळ आळसातून आलेला नव्हता. त्यामागे एक सुप्रतिष्ठित परंपरा आहे. ह्या उष्ण मुलखातील मिस्त्री मंडळींनी विलायती मोटारींत काळानुसार जे फेरफार मंजूर केले त्यांत थर्मोस्टॅट काढून फेकणे हे पहिले कलम आणि हीटरला बायपास मारणे हे दुसरे. थर्मोस्टॅट हा इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरणारा द्वारपाल; आमच्या मिस्त्र्यांच्या मते वऱ्हाडात इंजिन बंद असतानाच निम्मे तापलेले असते, तेव्हा द्वारपालाचा पगार फुकट कशाला भरावा? ह्यात एक बारीक चूक आहे: थर्मोस्टॅटवाचून इंजिन हिवाळ्यात आपल्या योग्य तापमानाला लवकर पोचत नाही, पेट्रोल अधिक खाते आणि झिजते. पण ही चूक सिद्ध व्हायला वर्षे लागतात आणि थर्मोस्टॅट अडकून इंजिन उकळायला एक दुपार पुरते, त्यामुळे लोकमत नेहमीच उस्तादांच्या बाजूने राहिले आहे.

लोकमताचे प्रवक्ते आमच्या घरातच होते. आमचे शालक हे सहकारी पतसंस्थेत हिशेबनीस असून, कोणत्याही खर्चाला ‘यापासून उत्पन्न काय?’ असा प्रश्न विचारण्याचा त्यांना जन्मजात अधिकार आहे. ते म्हणाले, “भाऊजी, जे यंत्र उन्हाळ्यात लावता येत नाही, हिवाळ्यात लागत नाही आणि पावसाळ्यात आठवत नाही, त्याच्यासाठी यवतमाळपर्यंत खेटे घालायचे म्हणजे काय?”

पावसाळ्याबाबत ते चुकत होते. आषाढातल्या झडीत काचा बंद करून चार माणसे मोटारीत बसली की त्यांच्या श्वासाने समोरची काच अशी धुरकटते की, रस्त्यावरची म्हैस ही म्हैस असल्याचे तिने मान वळविल्यावरच कळते. अशा वेळी काचेच्या तळाशी गरम कोरडा वारा सोडणारा हीटर हाच खरा उपाय होय. आमचे ड्रायव्हर लोक काचेला बाहेरून तंबाखू चोळतात, त्याने पाणी ओघळून जाते हे खरे. पण आतल्या धुक्यावर तंबाखूचा इलाज चालत नाही, मग ती कितीही जणांच्या तोंडात असो. हा युक्तिवाद मी मांडला. शालकांनी खिशातून रुमाल काढून दाखविला.

तेव्हा मला कायद्याचा आधार घेणे भाग पडले. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ च्या जुलै महिन्यात जुन्या वाहनांसाठी नियम प्रसिद्ध केले आहेत. पन्नास वर्षांहून अधिक वयाची आणि मूळ स्वरूपात जपलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे, आणि नंबराच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. अशी मोटार मग रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तिने प्रदर्शनाला जावे, जुन्या मोटारींच्या संचलनात मिरवावे, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला बाहेर पडावे. आमची मोटार तशीही दुरुस्तीखेरीज फारशी बाहेर पडत नसल्याने हा नियम जणू तिची दिनचर्या पाहूनच केलेला आहे, असे मला वाटले. नोंदणी करावी की न करावी हा प्रश्न अद्याप विचाराधीन आहे; परंतु उद्या करायची झालीच तर ‘मूळ स्वरूप’ हवे, आणि मूळ स्वरूपात हीटर आहे.

“नाही,” शालक म्हणाले. “हीटर कारखान्यात बसवलेला नाही, डेहराडूनला बसवलेला आहे. म्हणजे तो मूळ नव्हे, अतिक्रमण.”

हा वार वर्मी होता. पण अतिक्रमणाची प्रकरणे हाताळण्यातच ज्याची उमेद सरली त्याला अतिक्रमणाची भीती घालण्यात अर्थ नसतो. मुदतीच्या कायद्याप्रमाणे बारा वर्षे अखंड, उघड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध ताबा राहिला की खाजगी जमिनीतून वहिवाटदाराला हुसकावण्याची मुदत संपते. येथे तर हीटरची वहिवाट अर्ध्या शतकाची, आणि तीही मालकाच्या संमतीची. शालक निरुत्तर झाले असे मी म्हणणार नाही, पण चहा आला आणि प्रकरण माझ्या बाजूने निकाली निघाल्याची नोंद मी मनातल्या मनात करून टाकली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी बोनेट उघडून नळ्यांना हात घातला. नळी बदलणे हे काम ऐकायला जितके क्षुल्लक तितके पाहायला उद्बोधक असते. कारण कोणतीही जुनी नळी ही एकटी नसून, तिच्यावर लागोपाठच्या मिस्त्र्यांनी चढविलेल्या उपचारांचे थर असतात, आणि ते सोलणे हे उत्खननच होय. सर्वांत वर काळी चिकटपट्टी निघाली. तिच्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळलेली. तिच्याखाली बांधकामाच्या तारेचे वेढे, पिळून पिळून मांसात रुतलेले. तारेच्या खाली पांढऱ्या लांबीचा एक कडक गोळा. आणि अखेरीस, ह्या सर्वांच्या तळाशी, विणकाम केलेल्या कापडी अस्तराची ती मूळ रबरी नळी, दाबली असता कडकड वाजणारी आणि वाकविली असता जागोजाग चिरणारी. तिच्या टोकाला मात्र पेचाची जी पोलादी क्लिप होती ती अजून शाबूत होती. लमली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश आरमारातील एका माजी अधिकाऱ्याने १९२१ साली ह्या क्लिपेचे पेटंट घेतले, आणि जगातील तमाम गळक्या नळ्या तेव्हापासून त्याच्या ऋणात आहेत. परंतु ज्या देशात तार फुकट मिळते तेथे पेचाची क्लिप ही चैनच समजली जाते.

येथे उस्तादांनी आपल्या विद्येचा खरा प्रत्यय दिला. गॅरेजमधले पोरगे पक्कडीने नळी पिरगाळून ओढू लागले होते; उस्तादांनी त्याच्या हातावर चापट मारली, दाढीचे पाते मागवून घेतले, आणि नळी टोकाकडून उभी चिरून केळाच्या सालीच्या बेताने अलगद उलगडली. जाळीचे पितळी तोंड कागदाइतके पातळ असते. ओढाताण केली तर नळी येत नाही, तोंडच उपटून हातात येते, आणि मग पाच रुपयांच्या पात्याचे काम पाच हजारांच्या घरात जाते. ही गोष्ट पुस्तकात असते, पण पुस्तक वाचून ती करणाऱ्याचा हात थरथरतो. उस्तादांचा थरथरला नाही.

जाळी काढण्याचे काम त्या पोराच्या वाट्याला आले, कारण अँबॅसडर कितीही प्रशस्त असली तरी तिच्या डॅशबोर्डाखालची जागा प्रौढ माणसासाठी निर्मिलेली नाही. त्याने पाय पुढच्या आसनाच्या पाठीवर टाकले, डोके ग्लव्ह बॉक्सखाली घातले, आणि तेथून तो केवळ आवाजाने जगाशी संबंध ठेवू लागला. बोल्टांची डोकी आत आणि त्यांच्या चाक्या आडभिंतीपलीकडे इंजिनाच्या बाजूला असल्याने, आत पोराने बोल्ट धरायचा आणि बाहेर उस्तादांनी चाकी फिरवायची, अशी व्यवस्था होती. परंतु कोणता बोल्ट धरला आहे याविषयी दोघांचे एकमत होण्यास पुष्कळ वेळ आणि काही अपशब्द खर्ची पडले. शेवटी पेटी खाली आली आणि तिच्यातून जो ऐवज निघाला त्याचा पंचनामा करण्याचा मोह मला आवरला नाही. वरचा थर कापसाच्या तुसांचा होता, राखाडी, धुळीने माखलेला, तंतोतंत जिनिंगच्या हंगामातल्या आमच्या खिडक्यांवर साचतो तसा. त्याच्याखाली उंदराने कुरतडलेले कागद. आणि सर्वांत खाली, पेटीच्या कोपऱ्यात, चीडवृक्षाच्या वाळक्या लांब सुया. वनअधिकाऱ्यांची बदली झाल्याचा याहून विश्वसनीय दाखला सरकारी दप्तरातही मिळाला नसता.

आता नव्या नळीचा शोध. घाटंजीत अर्ध्या इंचाच्या नळ्यांचा दुष्काळ नाही. उलट कृषी सेवा केंद्रांतून त्यांची वेटोळी छतापर्यंत रचलेली असतात. दुकानदाराने प्रथम फवारणी पंपाची नळी दाखविली. ती गरम पाण्याने मऊ पडते असे म्हणताच त्याने ठिबकाची लॅटरल पुढे केली आणि सोळा मिलिमीटरची घ्या, अनुदानात बसेल, असे सुचविले. हीटर अनुदानात बसविण्याची कल्पना मला क्षणभर इतकी भावली की मी नकळत सातबारा कोठे ठेवला आहे हे आठवू लागलो. परंतु ठिबकाची नळी पॉलिथिलिनची. विहिरीचे पाणी ती जन्मभर वाहील, इंजिनातल्या नव्वद अंशांच्या पाण्यापुढे आणि रेडिएटरच्या टोपीने कोंडलेल्या दाबापुढे तिचा टिकाव लागत नाही. हीटरच्या नळीला उष्णतेने न कुजणारे रबर आणि त्याच्या पोटात दोऱ्यांची वीण लागते. ती शेवटी यवतमाळलाच मिळाली.

जाळीही यवतमाळलाच न्यावी लागली. तेथे रेडिएटर दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध कारागीर आहेत. त्यांनी जाळी हातात घेतली, तिच्या तोंडाला ओठ लावून फुंकर मारली, आणि दुसऱ्या तोंडातून काहीही न आल्याचे पाहून मान हलविली.

“ही जाळी नाई राह्यली साहेब,” ते म्हणाले. “हा दगड झाला.”

दगडच तो. आमच्या पट्ट्यातील बोअरचे पाणी जड. त्यातील क्षार भांड्याच्या बुडाशी, कूलरच्या ताटीवर आणि देवाच्या तांब्याच्या पळीवर जसे धरतात तसेच ते इंजिनातही धरतात, आणि जाळीच्या नळ्या तर काडेपेटीतल्या काडीहून फारशा रुंद नसतात. कारागिरांनी ब्लो लॅम्पची निळी ज्योत लावून दोन्ही टोकांच्या टाक्यांचे डाग सोडविले, कथील थेंबाथेंबाने ओघळले, आणि टाकीच्या पोटातून तांबूस-पांढऱ्या खपल्यांचा ढीग बाहेर आला. नळ्यांतून सळई फिरविण्याचा प्रयत्न झाला. सळई तीन नळ्यांतून गेली, चौथीतून तिरकी बाहेर आली. तेव्हा जुन्या टाक्या ठेवून मधली जाळी तेवढी नवी, मापाने कापून बसवायचे ठरले. नवसागर, तेजाब आणि कथील यांच्या धुरात ती बसली. मग एक तोंड बुचाने बंद करून, दुसऱ्यातून पंपाने हवा भरून, त्यांनी ती सिमेंटच्या हौदात बुडविली आणि कपाळावर आठ्या घालून ते पाण्याकडे पाहत राहिले. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. पुन्हा डाग, पुन्हा हौद. दुसऱ्यांदा पाणी हलले नाही. कारागिरांनी जाळी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “आता विहिरीचं पानी नोका टाकू. कूलंट टाका.”

कूलंटच्या डब्यावर छापले होते की, निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट ह्या प्रमाणात मिसळल्यास उणे सदतीस अंशांपर्यंत गोठण्यापासून संरक्षण मिळते. घाटंजीच्या बाबतीत ही तरतूद काहीशी दूरदर्शी आहे हे मान्य केले, तरी त्याच द्रवाने पाण्याचा उत्कलनबिंदूही चढतो आणि पितळ-लोखंडाला गंज धरत नाही, म्हणून तो घेतला. कॉक नवा बसविला. नळ्या चढविल्या, पेचाच्या क्लिपा आवळल्या. भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवायचा, आणि मोटारीचे तोंड चढावर करून उभी करायची, नाही तर जाळीत हवेचा गोळा अडकतो आणि पाणी तेथून पुढे जाण्यास साफ नकार देते. तो गोळा काढण्यासाठी उस्तादांनी वरची नळी किंचित सैल केली, तिच्यातून थुंकल्यासारखे आवाज येऊ दिले, आणि सलग धार लागताच ती पुन्हा आवळली. मग इंजिन सुरू करून त्यांनी पंख्याचे बटण दाबले. बाहेर वैशाखाची दुपार होती. डॅशबोर्डाखालून आलेल्या वाऱ्यापुढे उस्तादांनी तळहात धरला, झटक्याने मागे घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले त्यांत व्यावसायिक समाधान आणि मानवी कणव यांचे मिश्रण होते.

“चालते जी,” ते म्हणाले. “आता बंद करा.”

त्याच वैशाखात यवतमाळला एक लग्न निघाले. पुढे शालक, जोधपुरी कोटात. मागे सौभाग्यवती, आत्याबाई आणि आत्याबाईंचा तांब्या. प्रत्येकाच्या खिशात किंवा पदरात ऊन लागू नये म्हणून एकेक कांदा होता, हे सांगायला नकोच. यवतमाळ शहर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले असून घाटंजीहून तिकडे जाणारी वाट एकंदरीत चढाची आहे. अर्ध्या वाटेत पुढे गिट्टीचा ट्रक आला, त्याला ओलांडण्यास जागा मिळेना, मोटार दुसऱ्या गिअरमध्ये रांगू लागली, आणि तापमानाचा काटा जागचा हलून वर सरकू लागला. जुन्या काळी ज्यांनी मोटारीने बोरघाट चढला आहे त्यांना पुढचे दृश्य परिचयाचे असेल: खंडाळ्याच्या चढावर बोनेटे उघडून, वाफा सोडत, रांगेने उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसडर, आणि पाण्याचे डबे घेऊन धावणारे गृहस्थ. मी तशा रांगेत दाखल होण्याच्या बेतात होतो. पण इंजिनाच्या पाण्याला एक दुसरा, लहान का होईना, रेडिएटर आता जोडलेला होता, त्याला स्वतःचा पंखा होता, आणि इंजिनातली जितकी उष्णता त्यातून बाहेर पडेल तितकी इंजिनात राहणार नव्हती. ती बाहेर पडण्याची जागा तेवढी शालकांच्या गुडघ्यांसमोर होती.

मी कॉक उघडला आणि पंखा लावला.

“भाऊजी!” शालक ओरडले. “हे काय करता?”

“इंजिन वाचवतो,” मी म्हणालो.

“आणि आम्ही?”

ह्या प्रश्नाला यांत्रिकीशास्त्रात उत्तर नाही. चारी काचा खाली होत्या. बाहेरून चव्वेचाळीस अंशांची झळ येत होती आणि आतून तिला लाजविणारी. शालकांनी प्रथम कोटाची बटणे सोडली, नंतर कोट सोडला, नंतर पाय उचलून आसनावर मांडी घातली. कांदा त्यांनी खिशातून काढून हातात घट्ट धरला होता. आत्याबाईंनी तांब्यातले पाणी पदराच्या टोकाला लावून सर्वांच्या टाळूवर थापायला सुरुवात केली, आणि सौभाग्यवती काहीच बोलत नव्हत्या, ही गोष्ट मला सर्वांत चिंताजनक वाटली. पण काटा थबकला. मग, तहसील कचेरीतल्या निवेदनाच्या गतीने, तो हळूहळू खाली येऊ लागला. ट्रक वळला, मोटार तिसऱ्यात पडली, वारा लागला, आणि एक थेंबही न उकळता आम्ही मंडपाच्या दारात उतरलो.

वधूपक्षाच्या मंडळींनी आमची एकंदर कांती पाहून आम्हाला थेट पंगतीच्या मागच्या खोलीत कूलरसमोर बसविले आणि पन्ह्याची आख्खी बादलीच आणून ठेवली. शालकांनी पाचवा पेला रिकामा केल्यावर कोणीतरी त्यांना विचारले की, एवढ्या उन्हात फटफटीवर आलात काय. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सहावा पेला मागितला.

परतताना, मोटारीत उगाच गर्दी होईल अशी सबब सांगून, शालकांनी एस.टी.ने येण्याचे ठरविले. लग्नसराईचे दिवस असल्यामुळे गाडी खच्चून भरलेली होती. कंडक्टरने ओळखीखातर त्यांना ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणाला लागून, कशीबशी जागा करून दिली. आम्ही एस.टी.च्या मागोमाग निघालो. वाट उताराची, काटा मध्यावर, कॉक बंद. पुढच्या काचेतून शालकांचे डोके दिसत होते, आणि मधूनमधून ते फाइलने वारा घेत होते.

आत्याबाईंनी बराच वेळ तिकडे पाहिले. मग तांब्याचे झाकण लावीत त्या म्हणाल्या, “काहून रे, एस.टी.तल्या हीटराले कॉक नसते का?”